पिच्चर फोडू नका भो! शेवट कुणाला, कधी आणि कुठे सांगायचा

शुक्रवार. सुरतेत उधन्याला राहणारा भाचा सकाळी नऊच्या खेळाला बसतो, बाराला बाहेर पडतो आणि पार्किंगमधूनच घरच्या ग्रुपवर टाकतो, 'शेवटी मोठा भाऊच व्हिलन निघाला, डोकं सुन्न!' त्याच ग्रुपवर दोंडाईचाची मावशी आहे, अमळनेरचे दोघं मावसभाऊ आहेत, पुण्यात नोकरीला लागलेली पुतणी आहे. तिने रात्रीच्या खेळाची तिकिटं काढून ठेवलेली आहेत. धडगावकडे शिक्षक असलेले जावईही आहेत. त्यांना थिएटर गाठायचं तर सातपुड्याचा घाट उतरून खाली यावं लागतं. भाच्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पिच्चर आवडला, पोटात राहिलं नाही, सांगून टाकलं. पण दहावीचा पेपर फुटावा तसा पिच्चर फुटला. कुणीतरी उशिरा का होईना लिहितं, 'सांगू नको भो, माले आजून देखाना शे!' तोवर सगळ्यांनी वाचलेलं असतं.

हे भांडण आता खान्देशातल्या बहुतेक ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी होतंच. मित्रांचा ग्रुप असो, भाऊबंदकीचा असो की शाळेच्या बॅचचा. आणि दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असंच वाटतं. एक म्हणतो, 'मी पैसे देऊन बघितला, मी बोलणारच.' दुसरा म्हणतो, 'मीही पैसे देणार आहे, माझी मजा का घालवतोस?' दोघांचंही म्हणणं खरं आहे, म्हणून तर हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

गोम वेळेत आहे. पूर्वी पिच्चर मुंबईत लागायचा आणि प्रिंट फिरत फिरत आपल्या तालुक्याला यायला महिने जायचे. पण मुंबईला बघून आलेला माणूस तरी आपल्याला कधी भेटायचा? दिवाळीला, नाहीतर लग्नात. पिच्चर उशिरा यायचा तशी बातमीही उशिराच यायची. आणि जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत तर अख्खं गाव एकाच रात्री तोच पिच्चर बघायचं. सगळ्यांना एकदमच कळलं तर फोडणार कुणाला? आता पिच्चर देशभर एकाच दिवशी लागतो, पण बघणारे एका दिवशी बघत नाहीत. कुणी पहिल्या दिवशी बघतो, कुणी दुसऱ्या रविवारी, कुणी मोबाइलवर आल्यावर. बातमी मात्र सगळ्यांच्या खिशात त्याच मिनिटाला पोचते. या दोन वेगांमधल्या फटीत सगळे तंटे आहेत.

कळलं तर नेमकं काय जातं?

गोष्टीतून मिळणारी मजा एकाच जातीची नसते. आल्फ्रेड हिचकॉक हा रहस्यपटांचा दिग्दर्शक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा. चार माणसं टेबलाभोवती गप्पा मारत बसली आहेत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं आणि त्या चौघांना ठाऊकच नाही, तर त्याच साध्या गप्पा ऐकताना आपला जीव टांगणीला लागतो. पहिल्या प्रकारात मजा धक्क्याची, दुसऱ्यात हुरहुरीची. हिचकॉकला स्वतःला दुसरा प्रकार जास्त आवडायचा. शेवट आधी सांगितला तर धक्का पूर्ण मरतो. हुरहूर मात्र बरीचशी टिकते, कधी कधी वाढतेही.

आपल्याकडे याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. जत्रेत तमाशाच्या फडाने हरिश्चंद्राचा वग लावला की समोर बसलेल्या प्रत्येकाला शेवट पाठ असतो. तरी तारामतीच्या प्रवेशाला बायाबापड्यांचे पदर डोळ्यांना लागतात. कीर्तनात ध्रुवबाळाचं पुढे काय होणार हे कुणी बुवांना विचारत नाही. खान्देशच्या वेशीवरच्या मालेगावात तर कळलेल्या गोष्टीवरच एक सिनेमा-धंदा उभा राहिला. तिथल्या हौशी मंडळींनी शोलेची आणि सुपरमॅनची विडंबनं काढली. मूळ पिच्चर ज्याने बघितला नाही, त्याला ती विडंबनं अर्धी कळणारच नाहीत. तिथे आधी माहीत असणं हेच तिकीट.

मग शेवट सांगितला तर बिघडतं कुठे? मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही हे तपासून बघितलं आहे. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेतल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना बारा लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट आधी कळलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. तेव्हापासून शेवट सांगून मोकळे होणारे हा अभ्यास ढालीसारखा पुढे करतात. पण 2015 मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांनी असाच प्रयोग केला, तेव्हा निकाल उलटा आला. शेवट न कळलेल्यांना वाचताना जास्त मजा आली, उत्कंठाही जास्त वाटली. म्हणजे विज्ञानाने अजून कुणाच्याच पारड्यात पूर्ण वजन टाकलेलं नाही. शिवाय हे दोन्ही प्रयोग छोट्या कथांवरचे. तीन तासांचा, तिकीट काढून, घरच्यांना घेऊन बघितलेला पिच्चर ही वेगळी चीज आहे.

मला यात निर्णायक वाटते ती वेगळीच गोष्ट. कळल्यावर बघण्याची संधी हवी तितक्या वेळा मिळते. दुसऱ्यांदा बघा, दहाव्यांदा बघा. न कळता बघण्याची संधी एकदाच असते आणि गेली की परत आणता येत नाही. कुणाला ती संधी नको असेल तर त्याने खुशाल शेवट विचारावा. पण ती सोडायची की ठेवायची, हे ज्याची संधी आहे त्याने ठरवायचं. तुम्हाला शेवट आधी कळला तरी फरक पडत नसेल, चांगलं आहे. त्यावरून अमळनेरच्या मावसभावालाही फरक पडत नाही असं ठरत नाही.

सिनेमा-नाटकवाल्यांना याची जाण जुनी आहे. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे रहस्यनाटक 1952 पासून सुरू आहे. कोरोनातला खंड सोडला तर ते थांबलेलं नाही. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी नट प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. विकिपीडियावर मात्र तो शेवट छापलेला आहे, आणि 2010 मध्ये त्यावरून लेखिकेच्या कुटुंबीयांनी नाराजीही दाखवली होती. विकिपीडिया काही बधला नाही. ज्ञानकोशाचं काम सगळं सांगणं हेच आहे, असं तिथल्या लोकांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. कथानकाचा मजकूर उघडणारा माणूस स्वतःच्या पायाने तिथे जातो. ग्रुपवरचा मेसेज मात्र आपल्या अंगावर येतो. 1960 मध्ये 'सायको' लागला तेव्हा हिचकॉकने खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरवाल्यांना घातला होता. 2019 मध्ये 'ॲव्हेंजर्स : एंडगेम' लागायच्या आधी दिग्दर्शक भावांनी जगभरच्या प्रेक्षकांना जाहीर पत्र लिहून शेवट न फोडण्याची विनंती केली होती.

फोडणं म्हणजे फक्त शेवट सांगणं नाही

इथे बहुतेक जण फसतात. 'मी शेवट कुठे सांगितला?' असं म्हणणारा माणूस मनापासूनच म्हणत असतो.

सगळ्यात मोठं उदाहरण बाहुबलीचं. पहिला भाग 10 जुलै 2015 ला आला, दुसरा 28 एप्रिल 2017 ला. मधली जवळजवळ दोन वर्षं पानटपरीपासून राजकीय सभांपर्यंत एकच प्रश्न, कटप्पाने बाहुबलीला का मारलं? सगळा देश हसत हसत विचारत होता आणि उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कुणाला ते फोडणं वाटलं नाही. पण पहिला भाग न बघितलेल्यासाठी त्या प्रश्नातच पहिल्या भागाचा शेवटचा धक्का बसलेला होता. बाहुबली मेला आणि कटप्पाने मारला, हे दोन्ही त्याला घरबसल्या कळलं. (इथे मी तेच पुन्हा केलं. पण हा पिच्चर अजून कुणासाठी शाबूत उरला असेल असं मला वाटत नाही.)

दुसरा प्रकार आपल्याकडचा खास. पिच्चरमधलं आवडतं पात्र मेलं की संध्याकाळपर्यंत स्टेटसला फोटो, फोटोला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'शोकाकुल : समस्त मित्रपरिवार'. चौकातल्या बॅनरची ही नक्कल खरोखर हसू आणते, मलाही येतं. पण स्टेटस हे तर ग्रुपपेक्षा वाईट. ग्रुपवर निदान कुणाकुणाला जातंय ते दिसतं. स्टेटस तुमच्या नंबराच्या सगळ्या गोतावळ्यात चोवीस तास टांगलेलं राहतं.

तिसरा प्रकार अगदी सभ्य दिसतो. 'काही सांगत नाही, फक्त शेवटची वीस मिनिटं चुकवू नका.' 'ट्विस्ट असा आहे की बस!' 'जो साधा वाटतो त्याच्यावर लक्ष ठेवा.' यात नाव नाही, घटना नाही, पण बघणारा आता पहिल्या मिनिटापासून हातात भिंग घेऊन बसतो. ट्विस्ट आहे हे कळणं हाच अर्धा ट्विस्ट. 2016 च्या उन्हाळ्यात गाजलेल्या एका मराठी पिच्चरचं असंच झालं. शेवट कुणी लिहीत नव्हतं, पण 'शेवट बघून दोन दिवस जेवण गेलं नाही' असं इतक्या जणांनी लिहिलं की उशिरा गेलेल्यांनी गाण्यांवर नाचतानाच मनाची तयारी करून ठेवली. पिच्चरचं नाव लिहीत नाही. ज्यांनी बघितलाय त्यांनी ओळखलंच असेल, आणि ज्यांनी नाही त्यांच्यासाठी तरी तो उरू दे.

पाहुणा कलाकार कोण आहे, नावं येऊन गेल्यावर पुढच्या भागाची झलक आहे का, मध्यंतराला काय होतं, हे सगळं याच खात्यात मोडतं.

मग बोलायचं तरी काय? भरपूर आहे. ट्रेलरमध्ये जे दाखवलंय त्यावर कुणीही बोलावं, निर्मात्यानेच ते उघड केलंय. पहिल्या पंधरावीस मिनिटांतली मांडणी, म्हणजे कोण कुठला आणि भानगड काय, हेही चालतं. नटाने काम कसं केलं, गाणी कशी आहेत, पिच्चर लांबलाय का, आवाज कानठळ्या बसवतो का, म्हाताऱ्या माणसाला तीन तास बसवेल का, पैसे वसूल की नाही. 'बघाच' किंवा 'ओटीटीवर आला तर बघा' एवढ्यावर आपले निम्मे लोक तिकीट काढायचं की नाही ते ठरवतात.

घड्याळ कुणाचं लावायचं

'किती दिवस गप्प बसायचं?' हा प्रश्न आला की शहरातली पोरं म्हणतात, पहिला शनिवार-रविवार. त्यांच्यापुरतं ठीक आहे. चार पडद्यांचं मल्टिप्लेक्स घरापासून दहा मिनिटांवर असेल तर दोन दिवसांत बघून होतं. पण आपल्या ग्रुपमध्ये माणसं कुठे कुठे आहेत ते बघा. सुरत-भुसावळ लाईनवरच्या गावांतून लोक वर्षानुवर्षं सुरतेला कामाला जातात. उधना, लिंबायत भागात तर अहिराणी सहज कानावर पडते. त्यांना पहिला खेळ मिळतो. इकडे जळगाव, धुळे, भुसावळला दोनचार दिवसांत जमतं. त्यापलीकडच्या कित्येक गावांत थिएटरच उरलेलं नाही. त्यांच्यासाठी पिच्चर लागतो तो मोबाइलवर आल्यावर.

आणि मोबाइलवर यायला वेळ लागतो. हिंदी पिच्चर थिएटरनंतर साधारण आठ आठवडे ओटीटीवर येऊ नये, असा मोठ्या मल्टिप्लेक्सवाल्यांचा आग्रह असतो. तेलुगू, तमिळ पिच्चर त्याआधीही येतात. म्हणजे गावाकडच्या माणसाला प्रामाणिकपणे बघायचं असेल तरी दोन महिने थांबावं लागतं.

त्यात शेतीचं वेळापत्रक. दिवाळीला सगळ्यात मोठे पिच्चर लागतात आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी असते. मजूर मिळाला त्या दिवशी घरचा माणूस शेत सोडत नाही. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की रात्रीच्या खेळाचा विषयच संपला. अशा माणसाला 'एवढे दिवस झाले, अजून बघितला नाही?' असं विचारणं म्हणजे त्याच्या कामाची टिंगल.

म्हणून पिच्चर लागल्याची तारीख हे घड्याळ मला मान्य नाही. ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या माणसाला तो सरळ मार्गाने कधी बघता येईल, ते घड्याळ. मी तरी असं करतो : पहिले दोन आठवडे ग्रुपवर कथेबद्दल एक अक्षर नाही. त्यानंतर ओटीटीवर येईपर्यंत बोलायचं, पण वर ठळक पाटी लावून. ओटीटीवर आल्यानंतर आणखी एक-दोन आठवडे थांबायचं आणि मग मोकळं. यात कुणी आठवड्याचा फरक करावा, माझी हरकत नाही. फक्त पायरसीची लिंक आल्यावर 'आता तर सगळ्यांकडे आहे' असं कुणी म्हणू नये. चोरीचा माल आल्याने घड्याळ पुढे सरकत नाही.

जुन्या पिच्चरला ही बंधनं नाहीत. शोलेत जयचं काय होतं हे लपवायला निघालात तर लोक तुमच्याकडे काळजीने बघतील. तरी समोर नववीतली भाची पहिल्यांदाच शोले लावून बसली असेल, तर तीन तास जीभ आवरायला काय जातं?

मालिकांचं गणित याहून बारीक. काही ॲपवर पैसे भरणाऱ्यांना आजचा भाग टीव्हीच्या आधीच दिसतो. त्यामुळे एकाच घरात सुनेला दुपारी कळलेलं असतं आणि सासूबाई साडेसातची वाट बघत असतात. इथे घड्याळ एका संध्याकाळचं, पण तंटा पूर्ण वाढीचा होऊ शकतो. अर्थात चॅनेलवाले स्वतःच 'उद्याच्या भागात' म्हणून सगळं दाखवून टाकतात, तेव्हा मालिकांच्या बाबतीत मी फार ताणत नाही.

पाटी कशी लावायची

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात युजनेटवर, म्हणजे तेव्हाच्या चर्चेच्या ग्रुपांवर, लोकांनी दोन युक्त्या काढल्या होत्या. एक म्हणजे इशारा देऊन पुढे पडदाभर रिकाम्या ओळी सोडायच्या, म्हणजे मुद्दाम खाली गेल्याशिवाय मजकूर दिसत नाही. दुसरी म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराच्या जागी त्याच्यापुढचं तेरावं अक्षर लिहायचं. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, म्हणून तीच क्रिया पुन्हा केली की मजकूर सरळ होतो. देवनागरीत हे जमत नाही. पहिली युक्ती मात्र आजही चालते.

टेलिग्रामवर हे सोपं आहे. मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा टाकल्या की तो धुरकट होतो आणि बोट लावल्यावरच दिसतो. डिस्कॉर्डवरही तसंच. व्हॉट्सॲपवर आपले लोक ठिपक्यांवर भागवतात. पहिल्या ओळीत पिच्चरचं नाव आणि 'कथा फुटेल, बघितला नसेल तर थांबा'. मग एकाखाली एक असे वीसपंचवीस ठिपके, आणि मग मजकूर. ठिपके का, तर मोबाइलवर वर झळकणाऱ्या सूचनेत मेसेजच्या सुरुवातीच्या ओळी दिसतात. ग्रुप न उघडताही त्या वाचल्या जातात. नुसतं 'स्पॉयलर!' लिहून पुढच्याच शब्दाला खुनी सांगितला, तर ती पाटी लावल्यात जमाच नाही. पिच्चरचं नाव विसरू नका. 'स्पॉयलर आहे' एवढंच लिहिलं, तर कशाचा हे बघायलाच लोक मेसेज उघडतात.

एवढं करूनही एक भोक उरतं, रिप्लायचं. तुम्ही नीट ठिपके टाकून लिहिलं आणि खाली कुणी उत्तर दिलं, 'हो ना, बापानेच मारलं असेल असं वाटलंच नव्हतं.' पाटी मूळ मेसेजला, फुटलं उत्तरात. म्हणून चर्चा रंगणार असेल तर 'बघितलेल्यांचा' वेगळा ग्रुप काढावा, हे सगळ्यात उत्तम. चार दिवसांचा ग्रुप, नंतर बंद.

आपल्याकडच्या लोकांना टायपिंगपेक्षा व्हॉइस मेसेज जवळचा. या कामाला तो चांगलाच. डोळ्याला चुकून दिसत नाही, मुद्दाम ऐकावा लागतो. फक्त वर पिच्चरचं नाव लिहा, आणि ऐकणाऱ्यानेही तो एसटीत स्पीकरवर लावू नये. पुढच्या सीटवरच्या माणसाने तुमचं काय बिघडवलंय?

चुकून गेलाच मेसेज, तर पहिल्या पंधरा मिनिटांत तो बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. डिलीट केलं की 'काय होतं रे, काय होतं?' अशी झुंबड उडते. तेव्हा 'पिच्चरचा शेवट होता, म्हणून काढला' एवढं लिहावं. 'काही नाही' लिहिलं तर विचारणारे वाढतात.

मोठ्यांनी फोडलं तर

ग्रुपवर बरोबरीच्या मित्राला 'गप रे' म्हणता येतं. नानांनी फोडलं तर? सगळ्यांसमोर टोकलं की नाना दुखावतात, काकू मधे पडतात आणि पिच्चर राहतो बाजूला. तिथे वेगळा मेसेज करावा : 'नाना, आम्ही रविवारी जाणार आहोत बघायला, तेवढा ग्रुपवरचा मेसेज काढता का?' बहुतेक वेळा फोन येतो, 'आरे पिच्चरच शे ना, त्यामा काय एवढं?' आणि मेसेज निघालेला असतो. नाहीच निघाला, तर नानांचा मोबाइल ज्या नातवाच्या हातात असतो त्याला गाठायचं.

मुद्दाम फोडणाऱ्यांची गोष्ट निराळी. रीलखाली, व्हिडिओखाली, संबंध नसताना शेवट लिहून जाणारी माणसं असतात. त्यांना उत्तर देऊ नका. उत्तराने तीच कमेंट वर चढते आणि आणखी लोक वाचतात. ब्लॉक करा आणि विषय सोडा. काही टवाळ पोरं उलटी चाल करतात. खरा शेवट फुटला की ते दहा खोटे शेवट टाकतात, खरा कोणता ते कळेनासं होतं. शिष्टाचारात हे बसतं का माहीत नाही, पण उपयोगी आहे.

न बघितलेल्यानेही थोडं करावं. 'मी अजून बघितला नाही' हे आधी सांगावं, फुटल्यावर नाही. चार दिवस ग्रुप म्यूट करावा. पिच्चर लागलेल्या आठवड्यात यूट्यूबवर त्याचं नाव शोधू नये, कारण चित्रावरच मोठ्या अक्षरात 'एंडिंग एक्सप्लेन्ड' लिहिलेलं असतं, बाजूला रक्ताने माखलेला चेहरा. आणि दोन महिने थांबायची मुभा मिळाल्यावर तिसऱ्या महिन्यात 'कुणी काही बोलू नका' असा दम देऊ नये. बघितलेल्यांनाही बोलायची भूक असते. पिच्चर बघून झाल्यावर त्यावर तासभर बोलणं ही पिच्चरइतकीच मोठी मजा आहे, ती कायमची बंद करणं कुणाच्या हातात नसावं.

काहींना शेवट आधी हवाच असतो. माझी आक्का तिकिटाआधी विचारते, 'शेवट गोड आहे ना? नाहीतर मी येत नाही.' तिला खाजगीत खरं सांगायचं, चिडवायचं नाही. तसंच लहान मुलं, गरोदर बाई, किंवा घरात नुकतंच कुणी गेलं असेल अशी माणसं. आत्महत्या, मुलावरचा अत्याचार, फार रक्तपात असं काही आहे का असं कुणी विचारलं, तर गुप्तता पाळत बसू नये. 2024 पासून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर यूए 7+, यूए 13+ आणि यूए 16+ असे वयाचे गट येतात, ते आधी बघावेत. पण प्रमाणपत्र वय सांगतं, कारण सांगत नाही. कारण बघून आलेला माणूसच सांगू शकतो.

थिएटरमध्ये मोबाइल काढून पडद्याचं शूटिंग करणं आणि शेवटाची तीस सेकंदं स्टेटसला लावणं हा शिष्टाचाराचा विषयच नाही, तो गुन्हा आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार थिएटरमधल्या अशा चोरट्या चित्रीकरणाला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. दंड किमान तीन लाख रुपये, आणि तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 'मी कुठे अख्खा पिच्चर टाकला?' हे तिथे चालत नाही, कायदा पिच्चरच्या तुकड्यालाही लागू आहे. अशी क्लिप ग्रुपवर आली तर पुढे पाठवू नका, आणि ॲडमिनला ती काढायला सांगा.